बी.कॉम.चे बडे बाबू

ते बोलायच्या आधी डोळे मिटायचे. खिडकीबाहेर तीस-चाळीस मुलं एकमेकांच्या खांद्यांवरून मार्कलिस्टा पुढे करत ढकलाढकली करायची आणि खिडकीआड हे गृहस्थ डोळे मिटून स्वस्थ. नव्या मुलांना वाटायचं, म्हाताऱ्याला झोप लागली. जुनी मुलं त्यांना दटावायची, "चुप रहो, आ रहा है." आणि खरंच, काही वेळानं, नदीपलीकडच्या रेतीवरून कोणी सावकाश चालत यावं तसं उत्तर यायचं. तुझा पहिल्या वर्षाचा अमुक पेपर राहिलाय, तो दुसऱ्या वर्षाबरोबर देता येईल, तिसऱ्याबरोबर नाही, अर्ज वेगळा भर. एवढं सांगून डोळे उघडायचे आणि समोरच्याकडे असं बघायचे, की हा मुलगा आत्ताच कुठून उगवला.

आमच्या विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. सगळे त्यांना बडे बाबू म्हणत. पदवीला जे जे लागतं ते प्रत्येक विद्यार्थ्यानं पुरं केलंय की नाही, हे तपासायचं त्यांचं काम. कोणता पेपर सक्तीचा, कोणता ऐच्छिक, कोणाला किती वर्षांची मुदत, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. नुसतं चालू वर्षाचं नाही. मागचे सगळे बदल, रद्द झालेली कलमं, त्या कलमांच्या जागी आलेली कलमं, सगळं. नियमांचं पुस्तक लाल फडक्यात बांधून मागच्या कपाटात ठेवलेलं असायचं आणि ते सोडताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

याला कारण होतं. त्यांचे वडील ब्रह्मा घाटावरचे वैदिक. बाराव्या वर्षापर्यंत यांनीही घरी संहिता म्हटली होती. मग वडील गेले, मामांनी इंग्रजी शाळेत घातलं आणि पाठांतराची ती सगळी सवय, मान आणि हात वरखाली करण्यासकट, बी.कॉम.च्या नियमांवर येऊन पडली. अवघड कलम असलं की ते सुटी सुटी पदं करून म्हणायचे. एक पद, दोन पदं, परत मागे, परत पुढे. उजवा हात स्वरांप्रमाणे उठायचा, उतरायचा. "ऑडिटिंग अनिवार्य, अनिवार्य ऑडिटिंग, ऑडिटिंग अनिवार्य तृतीय वर्षे." मुलं खिडकीबाहेर हसू दाबून उभी असायची. पण त्यांनी सांगितलेलं विसरायची नाहीत, हेही खरं.

मी त्यांना काका म्हणायचे. वडिलांची रेल्वेतली बदली भुसावळहून बनारसला झाली तेव्हा माझं बी.कॉम.चं पहिलं वर्ष नुकतंच झालं होतं. अहिल्याबाई घाटाच्या वर, गल्लीत, दोन खोल्या मिळाल्या. शहर अनोळखी, हिंदी कच्चं, त्यात दुसऱ्या विद्यापीठातून आलेली मुलगी म्हणजे कचेरीत सगळ्यांनाच नकोशी. ह्या टेबलावरून त्या टेबलावर करत मी त्या खिडकीशी पोचले. माझी मार्कलिस्ट त्यांनी बघितली, वरचं नाव वाचलं आणि एकदम मराठीत म्हणाले, "काय गं बेटा, कुठली तू? बस. आधी पाणी पी."

परक्या गावात, त्या दमट कचेरीत, मराठी ऐकून मला रडूच आलं. त्यांचं मराठी आमच्यासारखं नव्हतं. मधेमधे हिंदी शब्द यायचे आणि वाक्याच्या शेवटी एक हेल. पण ते मराठी होतं. मी पाणी प्यायले. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"तू भूगोल घेतलेला. वाणिज्य भूगोल. व्यापारी गणित नाही घेतलं."

"हो. आमच्याकडे दोन्हींतलं एक घ्यायचं होतं."

"आमच्याकडेही तसंच. होतं." ते जरा थांबले. "आता नवा नियम आला, गणित सगळ्यांना अनिवार्य. पण तुझं साल जुनं. माणूस ज्या नियमात आत येतो, त्याच नियमात बाहेर पडतो." मग डोळे उघडून त्यांनी माझ्या अर्जावर निळ्या शाईनं सही केली. "बसतं. सगळं बसतं."

त्यांचं घर दुर्गाघाटाच्या गल्लीत होतं. तिथून ते रोज सकाळी घाटाघाटानं चालत अस्सीपर्यंत यायचे आणि पुढे विद्यापीठात. थंडी असो, ऊन असो. फक्त पुराचे महिने सोडून, तेव्हा घाट पाण्याखाली. मी अहिल्याबाई घाटावर त्यांची वाट बघत उभी राहायचे. धोतर, बंद गळ्याचा करडा कोट, काखेत छत्री आणि डोक्यावर काळी टोपी, अशी ती आकृती धुक्यातून हळूहळू घट्ट होत यायची. मग आम्ही दोघं चालायचो. एकीकडे पायऱ्या, एकीकडे पाणी.

त्या वाटेवर मला बनारस कळलं, तेही बी.कॉम.च्या अंगानं. वाटेत भेटणाऱ्या अर्ध्या माणसांच्या मार्कलिस्टा काकांनी पाहिलेल्या होत्या. "हा गमछावाला दिसतो ना? कॉस्टिंग दोनदा राहिलं. तिसऱ्यांदा फर्स्ट क्लास." छत्रीखाली बसलेल्या एका पंड्याकडे बघून ते मान हलवायचे, "एक पेपर. फक्त एक राहिला. मुदत होती, मी निरोप पाठवला, आला नाही." तो पंडा काका दिसले की घाईघाईनं चंदन उगाळायला लागायचा. केदारघाटाजवळचा एक कचोरीवाला तर सरळ कढईमागे खाली बसायचा. काका त्याच्या दुकानापुढे थांबून मोठ्यानं म्हणायचे, "फारम की आखिरी तारीख पंद्रह है, भाई!" आणि पुढे चालू लागायचे. मला हसू यायचं. त्यांना यायचं नाही. अर्धवट राहिलेली पदवी त्यांना खरोखर सलायची, दुसऱ्याच्या घरात रात्रंदिवस ठिबकणारा नळ ऐकू यावा तशी.

प्रत्येक पेपराबद्दल त्यांचं काही ना काही म्हणणं होतं. ऑडिटिंग म्हणजे दुसऱ्याच्या घरात जाणं, चपला बाहेर काढून जा. कंपनी लॉ म्हणजे जो माणूस दिसत नाही त्याच्याशी नीट वागायची विद्या. मी एकदा कुरकुरले, की मला अकाउंट्समध्ये एवढे चांगले मार्क पडतात तर सामान्य हिंदीचा पेपर कशाला? ते पायरीवर थांबले.

"पंगतीत बसली आहेस ना? मग पानावर वाढलेलं सगळं खायचं. श्रीखंड दोनदा घेतलं म्हणून कारल्याची भाजी माफ नाही होत, बेटा."

ते असं बोलत असताना होड्या सावकाश सरकत असायच्या, कोणीतरी पाण्यात उभं राहून सूर्याला ओंजळ वाहत असायचं, आणि मला वाटायचं, ही पदवी, हे पेपर, हे नियम, सगळं ह्या नदीइतकंच जुनं आहे आणि असंच चालत राहणार आहे. दोन वर्षं मी त्या वाटेवर अशी अर्धी जागी, अर्धी स्वप्नात चालले.

जाग आली ती तिसऱ्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी.

नव्यानं आलेल्या कॉम्प्युटरवर छापलेल्या लांबलचक याद्या भिंतीवर लावल्या होत्या. माझ्या नंबरापुढे श्रेणी नव्हती. 'रोखला' एवढंच होतं.

त्याच महिन्यात माझी एका बँकेत निवड झाली होती. परीक्षा, मुलाखत, सगळं पार पडलं होतं. पदवी मिळाल्याचा कागद सप्टेंबरअखेर दाखवायचा, तरच नेमणूक. आणि घरी वडिलांनी एक स्थळ थोपवून धरलं होतं. "नोकरी लागली तर थांबू," ते म्हणाले होते, "नाहीतर त्या लोकांना होकार कळवतो. मला पुढच्या बदलीच्या आत तुझं काहीतरी झालेलं हवं." म्हणजे त्या एका शब्दात माझं बरंच काही रोखलं गेलं होतं.

मी गर्दीतून खिडकीशी गेले. काकांनी मला आत बोलावलं. मार्कलिस्ट घेतली, डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ गेला. मग ते उठले, कपाट उघडलं, लाल फडकं सोडलं आणि ते पुस्तक टेबलावर ठेवून पानं उलटायला लागले. सगळी कचेरी बघत होती. शेजारच्या टेबलावरच्या तिवारीजींनी तर चहाचा कुल्हड तोंडाशी नेता नेता तसाच धरला होता.

एका ओळीवर काकांचं बोट थांबलं. ते वाचत राहिले. एवढी छोटी ओळ वाचायला एवढा वेळ लागत नाही.

"बाहेरून बदलून आलेल्यांना," ते अगदी हळू म्हणाले, "ह्या विद्यापीठात प्रवेश घेतला त्या वर्षीचा नियम लागू." मग माझ्याकडे न बघता, "तू भुसावळला आत आलीस ते साल मी धरलं. इथे आत आलीस ते धरायला पाहिजे होतं. तुला गणित द्यावं लागत होतं. चूक माझी."

तिवारीजींनी कुल्हड खाली ठेवला आणि ते खुर्ची जवळ ओढून बसले. त्यांनी सांगितलं ते असं, की चूक विद्यार्थिनीची असेल तर तिनं पुढच्या वर्षीच्या परीक्षेला बसायचं, आणि चूक कचेरीची असेल तरच कुलगुरू तिच्यासाठी खास परीक्षा घेऊ शकतात. पण त्यासाठी कचेरीतल्या कोणीतरी लेखी कबूल करायला हवं. "और लिखेगा कौन? आप? अक्टूबर में रिटायर हो रहे हैं, बड़े बाबू. जाँच बैठ गई तो पेंशन लटक जाएगी. लिख दीजिए कि लड़की ने फारम गलत भरा. एक साल की तो बात है. जवान है, दे देगी."

मी समोर उभी होते तरी ते माझ्याबद्दल मी तिथे नसल्यासारखं बोलत होते. मी काकांकडे पाहिलं. ते लगेच "नाही" म्हणतील अशी माझी खात्री होती.

त्यांनी पुस्तक परत लाल फडक्यात बांधलं. गाठ दोनदा सुटली.

दुसऱ्या दिवशी मी अहिल्याबाई घाटावर उभी राहिले, ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. कचेरीत खिडकी बंद. घरी वडील बोलायचे थांबले होते आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. चौथ्या दिवशी मी दुर्गाघाटाला गेले.

त्यांचं घर मी पहिल्यांदाच पाहत होते. अरुंद गल्ली, दगडी उंबरा, आत चढणारा अंधारा जिना. आणि वर गेल्यावर एकदम खिडकीभर नदी. काकूंनी दार उघडलं. नऊवारीतल्या लहानखुऱ्या, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. मी कोण हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"ये. खिडकीत बसलेत तीन दिवस. धड जेवत नाहीत. तूच बोल."

काका नदीकडे तोंड करून बसले होते. टोपी नव्हती, त्यामुळे ओळखू येत नव्हते. टोपीशिवायचं डोकं लहान मुलासारखं दिसत होतं. मी जवळ जाऊन बसले. पाणी चढत होतं. खालच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होत होत्या.

"बेटा," ते म्हणाले, "मला डर वाटतो."

मी रागावून गेले होते. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. ते सगळं तिथेच गळून पडलं.

"चौकशीचा नाही एवढा," ते पुढे म्हणाले. "ह्याचा, की अजून किती जणांना मी चुकीचं सांगितलं असेल. पुस्तक नाही उघडलं ना कधी. सगळे म्हणायचे, बडे बाबूंना उघडायची जरूरतच नाही. मलाही तसंच वाटायला लागलं. तीन दिवस बसून एकेक चेहरा आठवतोय."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "चौतीस वर्षं खिडकीत बसून दुसऱ्यांचं तपासलंत. एकदा आपलं तपासून घ्यायला काय हरकत आहे? पेन्शन उशिरा आली तर उशिरा. आपण काही कुठे जात नाही."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वरण आहे का थोडं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला. तिवारीजी हात जोडत होते, "काहे जान दे रहे हैं," म्हणत होते, पण काकांनी लिहिलं. हिंदीत, अगदी थोडक्यात. विद्यार्थिनीनं मला विचारलं होतं. मी पुस्तक न बघता 'बसतं' असं सांगितलं. तिचा काही दोष नाही. खाली सही, आणि सहीखाली स्वतःचं पद पूर्ण लिहिलेलं. एवढंच करून ते थांबले नाहीत. बाहेरून आलेल्या सगळ्या मुलांचे मागचे कागद काढून त्यांनी पुस्तक समोर ठेवून एकेक तपासले. आणखी कोणाची चूक सापडली नाही. पण तपासून होईपर्यंत आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात ते बरेच वाळले.

त्या रविवारी सकाळी ते आमच्या घरी आले. कोट, टोपी, काखेत छत्री, मागे काकू. माझे वडील दारात उभे. वडिलांचा राग मला माहीत होता, त्यामुळे मी आतल्या खोलीत जाऊन भिंतीला टेकले.

"तुमच्या मुलीचं नुकसान माझ्या हातून झालं," काका उभ्याउभ्याच म्हणाले. "माफी मागायला आलो. जे बोलायचं ते बोला, मी ऐकून घेतो."

मग वडिलांचा आवाज आला.

"आमच्या खात्यात काही चुकलं ना, की आधी खालचा माणूस शोधतात. बत्तीस वर्षं झाली मला. वरचा माणूस घरी आलेला मी अजून पाहिला नव्हता." आणि आत वळून आईला, "अगं, चहा टाक. आणि ते चिवड्याचं काही असेल तर बघ."

खास परीक्षा ऑगस्टअखेर ठरली. आता गणित शिकायचं होतं आणि शिकवणार कोण? काका म्हणाले, मी शिकवतो. मी रोज दुपारी दुर्गाघाटाला जायला लागले. पहिल्याच दिवशी कळलं की त्यांना गणित येत नव्हतं. त्यांच्या वेळी दोन्हींतलं एक निवडायची सोय होती आणि त्यांनीही भूगोल घेतला होता.

"भीती वाटली होती तेव्हा," ते लाजून म्हणाले. "तागाचं उत्पादन कुठे होतं ते पाठ करणं सोपं होतं."

मग आम्ही दोघं शिकलो. एक पुस्तक, दोन वह्या. साठीला टेकलेला तो माणूस लॉगॅरिथमच्या तक्त्यावर बोट ठेवून ओठ हलवायचा आणि काकू शेजारी बसून तांदूळ निवडायच्या. मॅट्रिक्स आम्हा दोघांच्याही डोक्यात शिरला नाही. पण परम्युटेशन आलं त्या दुपारी ते पुस्तकावर वाकले आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला. तीन वस्तू, किती प्रकारे मांडता येतील? त्यांनी वहीत लिहिलं. मग पेन ठेवून हात वर उचलला.

"अगं, हे तर मला येतं! हे तर आमचे वडील म्हणायला लावायचे. पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं-तिसरं..." आणि डोळे मिटून ते म्हणू लागले. बी.कॉम.चा नियम नाही, तर खरीखुरी ऋचा, लहानपणी सोडलेली. पदं पुढे जात होती, मागे येत होती, एकमेकांत गुंफली जात होती. खाली नदी दगडांना लागून वाहत होती. काकूंचा हात सुपात थांबला. त्यांच्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांनीही हे कधी ऐकलं नव्हतं, असं त्या मला नंतर म्हणाल्या. मला अर्थ कळत नव्हता. पण आजही कोणी परम्युटेशन म्हटलं की मला ती दुपार आठवते, आणि आकड्यांच्या जागी तो आवाज ऐकू येतो.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये मी एकटी होते. शंभरावर बाकं, सगळी रिकामी, आणि मधल्या एका बाकावर मी. एक पर्यवेक्षक लांब खुर्चीत पेंगत होते. वर पंखे फिरत होते, खिडकीतून पोपटांचा कलकलाट येत होता. मधेच मला वाटलं, ही परीक्षा खरी नाही, मी कुठेतरी झोपले आहे. मान वळवून बाहेर पाहिलं तर कडुनिंबाच्या पारावर दोन म्हातारे बसलेले. एक काळ्या टोपीतले, दुसरे माझे वडील, रजा टाकून आलेले. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. दोघंही माझ्या खिडकीकडे बघत होते. मी परत पेपराकडे वळले आणि मॅट्रिक्सचं गणित सोडून बाकी सगळं सोडवलं.

मी पास झाले. काठावर नाही, पण फार वरही नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कागद हातात आला आणि बँकेत दिला. स्थळाला वडिलांनी स्वतःच नकार कळवला.

काकांना मात्र त्या खिडकीतून उठवलं होतं. चौकशी बसली तशी त्यांना टपाल विभागात पाठवलं. माळ्यावरच्या खोलीत, पाकिटं चिकटवायला. खिडकीत तिवारीजी बसायला लागले. मी एकदा माळ्यावर गेले तर काका डिंकाचा ब्रश हातात धरून पाकिटावरचा पत्ता वाचत होते. "बघ, गाझीपूर, बलिया, आझमगढ. सगळी आपली मुलं," म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं का? वाटत असणारच. मुलं जिन्याखालून "बडे बाबू, जरा देखिए ना," म्हणून अजूनही मार्कलिस्टा वर करायची आणि ते म्हणायचे, "खिडकी पे जाओ, भाई. और बोलना किताब खोलकर देखें." चौकशी पुढे बरीच रेंगाळली. शेवटी नुसती समज देऊन प्रकरण मिटलं आणि पेन्शन सुरू झाली. पण तोवर त्यांना निवृत्त होऊन बरेच महिने झाले होते.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी, ऑक्टोबरच्या शेवटी, मी बँकेतून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन गेले. समारंभ छोटा होता. एक हार, एक शाल, समोसे. साहेबांनी दोन वाक्यं वाचून दाखवली, त्यात काकांचं नाव चुकलं. तिवारीजी मात्र बोलायला उभे राहिले आणि त्यांना बोलता येईना. ते खाली बसले आणि त्यांनी रुमालानं चष्मा पुसला.

मग काका आणि मी अस्सीपर्यंत आलो. पूर ओसरला होता, पण घाटांवर त्यानं टाकलेला गाळ अजून तसाच होता. पंप लावून तो धुणं चालू होतं. चालायला वाट नव्हती. म्हणून मी एक होडी ठरवली. काका आधी नको म्हणाले, मग चढले. हार त्यांनी काढून मांडीवर ठेवला.

होडी प्रवाहाबरोबर निघाली तेव्हा ऊन उतरत होतं. नावाड्यानं वल्हं जवळजवळ मारलंच नाही. एकेक घाट मागे सरकायला लागला. काका थोडं बोलले. मॅट्रिक्स शेवटपर्यंत कळला नाही, आता वेळ आहे, बघतो म्हणाले. माझ्या बँकेत कोण कोण आहे ते विचारलं. अहिल्याबाई घाट गेला तेव्हा मी वर बोट दाखवलं, आमची गच्ची दिसत होती. त्यांनी मान हलवली. मणिकर्णिकेचा धूर नदीवर आडवा पसरला होता, त्यातून आम्ही गेलो. त्यानंतर ते बोलले नाहीत. मला वाटलं, डोळे मिटून काही आठवत असतील. मी उत्तराची वाट बघावी तशी थोडा वेळ बघितली. मग लक्षात आलं की ते झोपलेत. खरंच झोपले होते. मान छातीवर आली होती आणि शाल एका खांद्यावरून घसरली होती.

कार्तिक होता. पंचगंगेच्या वर बांबूंच्या टोकांना वेताच्या टोपल्यांतून आकाशदिवे चढवत होते. दोऱ्या कुरकुरत होत्या. पुढचाच दुर्गाघाट. धुतलेल्या पायरीवर काकू उभ्या होत्या. हातात औक्षणाचं तबक, निरांजन एका हातानं वाऱ्यापासून आडोशाला धरलेलं. आम्ही जवळ येतोय असं दिसल्यावर त्या एक पायरी खाली उतरल्या.

"उतरना यहीं है ना?" नावाड्यानं विचारलं.

मी काकांकडे पाहिलं. मग काकूंकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं झोपलेल्या काकांकडे खूण केली.

काकू चष्मा सावरून बघत राहिल्या. मग त्यांनी तबक शेजारी ठेवलं, पदर सावरला आणि त्या सावकाश पायरीवर बसल्या. हातानंच मला सांगितलं, असू दे, जाऊ दे पुढे.

"थोड़ा और चलो, भैया," मी नावाड्याला म्हटलं. त्यानं वल्हं वर उचललं, आणि दुर्गाघाट हळूहळू आमच्या मागे गेला.